पोटखराब

नकाशात पालशेंडी बोटाच्या पेराएवढी.
वर सडा, खाली खाजण, मधे उतार
आणि दर वीस मीटरला एक तपकिरी रेघ.
एप्रिलचा दुसरा आठवडा. माझ्याकडे सात फॉर्म,
मातीचा गिरमिट, आणि जनू धुरी,
जो गिरमिट खांद्यावर टाकून पुढे चालतो
आणि मागे वळून बघत नाही.

सड्यावर गिरमिट जात नाही.
चार बोटं, मग ठण्ण.
सातबाऱ्यावर हा सगळा पोटखराब,
एकशे बारा हेक्टर, आकार शून्य.
जनू म्हणतो, पावसात हयसर फुलांतून चलाक जागा नाय,
मासे पार व्हाळाच्या तोंडापर्यंत चढतत.
फुलांना रकाना नाही, माशांनाही.
दोन्ही समासात.

विहिरी तेवीस.
सुंभाला दगड बांधून सोडायचा,
वर ओढून ओला भाग हातांनी मोजायचा.
तिर्लोटकरांच्या विहिरीत निघाले दोन हात.
"तीन लिवा," ते म्हणाले,
"भायरच्या माणसांसमोर दोन बरे दिसणत नाय."
मी दोन लिहिले. त्यांनी दिलेलं कोकम सरबत
मात्र पूर्ण प्यायले.

खाजणात, उघाडीपाशी, मीटरची बॅटरी मेली.
इस्माईल काझींनी ओंजळ भरली,
जिभेवर घोळवली, थुंकले.
मचूळ.
पुढच्या डबक्यात खारट.
बांधाच्या आतल्या विहिरीत जरा थांबले,
डोळे मिटले,
गोड, म्हणाले, पण मे महिना बघेल तिच्याकडे.
आकड्यांच्या जागी मी तीन शब्द लिहिले.
तालुक्याला ते चालणार नाहीत.

दुपारी शाळेच्या पटांगणात जमिनीवर नकाशा.
चुना, राख, जांभ्याची भुकटी,
घरांसाठी काजूच्या बिया.
पुरुषांनी हद्दीपासून सुरुवात केली
आणि एका गडग्यावर अर्धा तास भांडले.
गडगा पडून पंधरा वर्षं झाली होती.

ते चहाला गेले तेव्हा बायका उठल्या.
पलीकडे, मोकळ्या मातीत,
द्वारकाबाईंनी आधी तांब्या ठेवला
आणि तांब्यापासून वाटा काढल्या.
त्यांच्या नकाशात गट नंबर नव्हते.
सावली होती, उतरण होती,
हंडा टेकायचा दगड होता,
आणि आकेशियाच्या मागे, घळीत,
राखेचा एक ठिपका,
जो पुरुषांच्या नकाशात नव्हता.

मी विचारलं, हा झरा?
कोणी बोललं नाही.
बोळातून चपला वाजल्या तशी
द्वारकाबाईंनी पाऊल पुढे टाकलं.
टाच फिरली.
ठिपका गेला.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर त्या जवळ आल्या.
"मागच्या खेपेक एक झरो लिवलो होतो.
कागद वर गेलो नि पाइप खाली इलो,
थेट कलमांच्या बागेत.
आमी मगे बघीत रवलो."
पदराला राख होती अजून.
पुढे काही म्हणाल्या नाहीत.
लिहू नको, असंसुद्धा नाही.

रात्री, देवगडच्या लॉजवर,
पंखा आवाज करतो पण हलत नाही.
फॉर्म क्रमांक पाच, बारमाही झरे.
पेन्सिल चारवर थांबते.
पाण्याचा हिशेब मग जुळत नाही;
घळीखालचा चौंडा मे महिन्यात हिरवा कसा,
कोणीतरी विचारेल. विचारणारच.

प्रस्तावित बंधारा नेमका त्या घळीवर येत होता,
कंटूर तेच सांगत होते.
मी तो पश्चिमेला चाळीस पावलं सरकवला.
कारण, असा एक अरुंद रकाना आहे.
त्यात लिहिलं, कातळ.

ते खोटं नाही.
पालशेंडीत कुठेही पहार मारा,
आधी कातळच लागतो.